मैदानावरचा वाद्यवृंद

शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये पेटी आणि तबला-डग्गा एका पानावर असतात, लेझीम दुसऱ्या. लेझमीच्या आगेमागे डंबेल्स, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, रिंगा आणि व्हॉलीबॉलची जाळी. नोंद करणाऱ्या कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही. लेझीम शाळेत आली ती पी.टी.च्या सरांचा हात धरून, आणि राहिली त्यांच्याच कपाटात. पण याचा एक परिणाम झाला. महाराष्ट्रातल्या शाळांना वाद्यवृंदाची परंपरा होती का, असे विचारले की जाणकारही पेटीवर प्रार्थना वाजवणाऱ्या बाईंपर्यंत जाऊन थांबतात. मैदानावर दोनशे मुले एकाच वाद्यावर, एका तालात, चालत, वाकत, वळत वाजवत होती. ती कुणाच्या हिशेबातच आली नाहीत.

पुढची पाने लोणावळा-मावळात लेझीम आणि ढोल शाळेत पुन्हा सुरू करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी आहेत. त्यांत ठेके आहेत, मैदानावरच्या रचना आहेत, वाद्यांची निगा आहे. ते सगळे ज्यांनी हाताने केले त्यांनीच लिहिले आहे. माझे काम या विषयाची ओळख करून देण्याचे. माझे म्हणणे थोडक्यात असे: आपल्या शाळांचा वाद्यवृंद सतरंजीवर बसून वाजवायचा कधीच नव्हता. तो उभ्याने, चालताना वाजवायचा होता. तो कुठून आला हे नीट पाहिल्याशिवाय त्याचे पुनरुज्जीवन केले, तर हाती फक्त आवाज उरेल. पुण्यात तसे काही अंशी झालेच आहे.

मावळाबद्दल बोलायचे तर सुरुवात भाजे लेण्यांपासून करण्याचा मोह होतो. मळवली स्टेशनावर उतरून तासाभरात चढता येणाऱ्या या लेण्यांत, दक्षिणेकडच्या विहारात, वादक आणि नर्तकी कोरलेले आहेत. काळ साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाचा. तिथल्या तालवाद्याला तबल्याचा पूर्वज ठरवून मोकळे होण्याची हौस पुष्कळांना असते. मला ती नाही. दगडातल्या वाद्यावर चामडे कसे ताणले होते, ते बोटांनी वाजवत की तळव्याने, हे शिल्प सांगत नाही. ते एवढेच सांगते की या खोऱ्यात, व्यापारी वाटेच्या कडेला, वादन आणि नाच एकत्र पाहणारा माणूस होता आणि ते दगडात कोरण्यासारखे आहे असे त्याला वाटले. दोन हजार वर्षांची सलग परंपरा त्यावरून सिद्ध होत नाही, आणि आपल्या विषयाला तिची गरजही नाही.

गरज आहे ती अलीकडच्या, गावातल्या परंपरेची. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही आजच्या तालुक्यातली तीन खोरी. तिन्हींकडचे गाव भाताचे. भात निघाला, खळी झाली की माणसाला उसंत मिळते आणि चैत्र-वैशाखात जत्रा सुरू होतात. कार्ल्याच्या एकवीरेची चैत्रातली यात्रा त्यांतली सर्वांत मोठी. तिथे मुंबई-रायगडकडचे कोळी आपल्या पालख्या आणि आपली वाद्ये घेऊन येतात. गावोगावच्या छोट्या जत्रांत मात्र ढोल-लेझीमच असते. ढोल कमरेला बांधून वाजवणारा बसतो, उडी मारतो, गिरकी घेतो. समोर लेझीमवाल्यांच्या रांगा त्याच्याकडे बघून डाव बदलतात. कुठला डाव कधी बदलायचा हे कुणी ओरडून सांगत नाही, ढोलाची थाप बदलली की पाय बदलतात. मुलांना हे वेगळे शिकवावे लागत नसे. रांगेच्या शेपटाला उभे राहून, मोठ्यांच्या पायांकडे बघत ती शिकत. थोडक्यात, वर्ग होता, फक्त त्याला भिंती नव्हत्या.

हीच लेझीम तालमीतही होती, आणि शाळेत शिरली ती जत्रेतून नाही, तालमीतून. हा फरक लहान वाटतो, पण पुढचे सगळे त्यातून आले. तालमीतली लेझीम जड. जाड दांडा, लोखंडी साखळी, तिच्यात ओवलेल्या चकत्या. तिचा उपयोग खांदे आणि छाती कमावण्यासाठी, आवाज हा जोडीला मिळणारा फायदा. बडोद्याला जुम्मादादांच्या आखाड्यात राजरत्न माणिकराव यांनी या सगळ्या देशी व्यायामाला शिस्तीत बसवले. एकट्या पहिलवानाची मेहनत त्यांनी रांगेत उभ्या मुलांसाठी आकड्यांत मांडली आणि कवायतीच्या इंग्रजी हुकमांच्या जागी देशी हुकूम आणले. ‘संघव्यायाम’ हा शब्द मराठी शाळांत रुळला तो याच वळणावर. योगायोग असा की त्याच बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा 1886 पासून चालू होती. एकाच शहरात, एकाच राजाच्या पदरी, गळ्यासाठी एक शाळा आणि अंगासाठी दुसरी. त्या दोघींची गाठ पडली असती तर आपल्या रजिस्टरची पाने कदाचित वेगळी दिसली असती.

माणिकरावांकडे 1907 ते 1910 या काळात शिकलेला एक तरुण होता जगन्नाथ गणेश गुणे. जन्म 1883 चा, बडोदे संस्थानातल्या डभोईचा. पुढे अमळनेरला त्याने शिकवले, राष्ट्रीय शिक्षणाचे काम केले आणि 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. हेच स्वामी कुवलयानंद. लोणावळेकर त्यांना योगामुळे ओळखतात आणि ते रास्तच आहे. योगाला प्रयोगशाळेत नेणारा, ‘योगमीमांसा’ काढणारा हा माणूस होता. शालेय शारीरिक शिक्षणातला त्यांचा वाटा मात्र लोणावळ्यातही फारसा कुणाला आठवत नाही. यौगिक संघव्यायाम त्यांनी शाळकरी मुलांसमोर ठेवूनच रचला. 1937 मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त सरकार आल्यावर शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद कुवलयानंदांकडे होते. पुढच्याच वर्षी कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची सरकारी प्रशिक्षण संस्था उघडली. प्रशिक्षण घेतलेले शिक्षक शाळाशाळांत जाऊ लागले आणि त्यांच्या बरोबर मलखांब, जोडी, लेझीम, सगळे बाड गेले. मावळातल्या शाळेच्या कपाटात लेझीम कुठून आली याचे उत्तर म्हणूनच गावच्या जत्रेत शोधून पुरत नाही. जत्रेची लेझीम तिथेच वेशीवर होती. शाळेची लेझीम बडोदे आणि कांदिवलीमार्गे आली, आणि वाटेतले एक ठाणे लोणावळा होते.

तळेगाव दाभाड्यालाही या कहाणीत जागा आहे. विष्णू गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय तिथे होते. राष्ट्रीय शिक्षणाच्या त्या प्रयोगाला इंग्रज सरकारने 1910 मध्ये टाळे लावले. पुढे नवीन समर्थ विद्यालयाच्या रूपाने तो धागा पुन्हा जोडला गेला. पुस्तकी विद्येला हात-पाय जोडून द्यायचे, ही त्या पिढीची ओढ होती. तळेगावचा पैसा फंड काच कारखानाही त्याच ओढीतला. लेझीम ज्या सहजपणे राष्ट्रीय वळणाच्या शाळांत सामावली, त्यामागे हे वातावरण होते: ती देशी होती, स्वस्त होती, आणि सरकारी अधिकाऱ्याच्या डोळ्यांत न सलता तिच्यातून शिस्त शिकवता येत होती.

आता वाद्याकडे येऊ. शाळेची लेझीम हलकी, हातभर लांब. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात साखळीच्या मधली मूठ. मूठ दांड्यापासून ओढली की साखळी ताणली जाते आणि चकत्या एकदम वाजतात, मूठ दांड्याला भिडवली की दुसरा, जरा बंद आवाज येतो. उघडा आणि मिटलेला, या दोनच आवाजांवर सगळा खेळ. ‘चार आवाज’ हा पहिला पाठ. चार अंकांत शरीर एकदा वाकून सरळ होते आणि प्रत्येक अंकाला एक आवाज पडतो. मग ‘आठ आवाज’, ‘आदि लगाव’, ‘पवित्रा’, ‘दो रुख’, ‘आगे फलांग’, ‘पीछे फलांग’. हुकमांची ही अर्धी हिंदी, अर्धी आखाड्याची बोली आंदर मावळातल्या वाडीवरच्या मुलालाही पाठ असते आणि तिचे व्याकरण विचारायची गरज त्याला कधी पडत नाही. लेझमीला सूर नाही. म्हणून कुणी बेसूर होत नाही, कुणाला ‘तुझा गळा नाही’ म्हणून मागे बसवावे लागत नाही. पण ताल चुकला तर लपायला जागाही नाही. शंभर लेझिमा एकदम मिटतात आणि एक अर्ध्या मात्रेने उशिरा मिटते, ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येते. ज्याची उशिरा मिटली त्याला सांगावे लागत नाही. पुढच्या वेळी तो शेजाऱ्याचे ऐकतो. शेजाऱ्याचे ऐकत आपले वाजवणे, वाद्यवृंदाची याहून वेगळी व्याख्या मला माहीत नाही.

मात्र शाळेने लेझीम घेतली तेव्हा तिच्या जोडीची सगळी वाद्ये घेतली नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. हलगी बहुतेक शाळांच्या फाटकाबाहेर राहिली. तालमीची लेझीम प्रतिष्ठित होती, हलगी नव्हती, कारण ती कुणी वाजवायची हे गावाने जातीवर ठरवून टाकले होते. गावकीच्या कामांत वाजवण्याची सक्ती होती, आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत अनेक गावांतल्या महारांनी इतर कामांबरोबर ते वाजवणेही सोडून दिले. त्या नकाराला मान आहे. पण त्याच पिढीत शाळेने त्या वाद्याला वेळापत्रकात बसवले असते, मुख्याध्यापकाच्या मुलाच्या गळ्यात हलगी अडकवली असती, तर चामड्याला हात लावण्याचा अर्थ निदान त्या आवारात तरी बदलला असता. शाळांनी सोपा मार्ग घेतला. लेझमीला ताल देण्यासाठी साइड-ड्रम आणला, पुढे एन.सी.सी. आल्यावर बिगूल आणला, आणि शिट्टी तर होतीच. लेझीम शिट्टीवर नाचवणे हा मला आजही अन्याय वाटतो.

1982 च्या दिल्ली एशियाडच्या उद्घाटनात सांगलीकडच्या चारशे जणांनी लेझीम खेळली तेव्हा देशाने ती दूरदर्शनवर पाहिली. शाळांत मात्र त्यानंतरच्या वर्षांत ती हळूहळू 26 जानेवारी आणि स्नेहसंमेलनापुरती उरली. कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत आणि त्यांवर पाने खर्चायला नकोत: दहावीचे वर्ष, पी.टी.च्या तासाला गणिताने केलेली घुसखोरी, सर निवृत्त झाल्यावर रिकामी राहिलेली जागा. त्यातले शेवटचे कारण सर्वांत जड. शाळेतली लेझीम एका माणसावर उभी असे. तो गेला की दोन वर्षांत वरच्या वर्गांतली शिकलेली मुले बाहेर पडत, आणि खालच्यांना शिकवायला ना सर उरत ना ताई-दादा.

पुनरुज्जीवन झाले ते पुण्यात, आणि ते ढोलाच्या बाजूने झाले. ज्ञान प्रबोधिनीचे संस्थापक अप्पा पेंढसे यांनी साठ-सत्तरच्या दशकांत ढोल आणि बर्ची शहरातल्या मुलांच्या हाती दिली आणि विसर्जन मिरवणुकीत उतरवली. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत जे चालत होते ते सदाशिव पेठेत आले. पुढे रमणबाग, नूमवि, स्व-रूपवर्धिनी अशी पथके उभी राहिली. मुली ढोल बांधून रस्त्यावर आल्या. हे लहान काम नव्हते. मध्यमवर्गाच्या घरात चामड्याचे वाद्य अभिमानाने आणले गेले ते या पथकांमुळे, आणि मघाशी म्हटलेली जातीची अडचण शाळांनी सोडवली नाही ती या रस्त्याने थोडी तरी सोडवली. पथकांच्या ठेक्यांत आजही एकाचे नाव ‘गावठी’ आहे. शहराने आपले ऋण इतक्या मोकळेपणाने क्वचितच मान्य केले असेल.

तरी एक गोष्ट खटकते. शाळांची नावे लावणाऱ्या पुष्कळशा पथकांत आता शाळकरी मुले शोधावी लागतात. वाजवणारे माजी विद्यार्थी आहेत. नोकरीवरून सुटून संध्याकाळी नदीकाठी सरावाला येणारे. त्यांच्या हौसेबद्दल तक्रार नाही. पण शाळेचे नाव पुढे आणि शाळा मागे, याला शाळेच्या वाद्यवृंदाचे पुनरुज्जीवन म्हणता येत नाही. दुसरे असे की पथक मोठे होत गेले तसे ढोल वाढले, ताशे वाढले, टोल आला, ध्वज आले. लेझीम गेली. तिचा आवाज ढोलांच्या गर्दीत बुडतो, म्हणून ती नको झाली. वाद्यमेळात जे नाजूक असते ते आधी बाहेर पडते, आणि मग उरलेल्यांना एकमेकांवर ओरडण्याशिवाय इलाज राहत नाही. 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात तीसच सदस्य असावेत असा आदेश दिला. गणेशोत्सव चालू असतानाच सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुण्यात आनंद झाला. न्यायालयाने काय करावे हा वेगळा प्रश्न, पण तीस हा आकडा शाळेसाठी मला मुळीच अपुरा वाटत नाही. चार ढोल, दोन ताशे, एक झांज आणि बाकी सगळ्या लेझिमा: एवढ्यात मैदान भरते आणि प्रत्येक वाद्य ऐकूही येते.

शेजारच्या गोव्याकडे पाहिले की आपली उणीव जास्त कळते. तिथल्या पॅरिश शाळांत, म्हणजे चर्चला जोडलेल्या शाळांत, मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत, व्हायोलिन शिकवत, आणि रविवारी ती मुले प्रार्थनेत वाजवत. त्या शाळांतून तयार झालेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चर्चच्या गायकवृंदाच्या मास्तरांचे चिरंजीव. त्यांच्याकडे प्यारेलाल शिकले, आणि 1958 मध्ये त्यांनी भारतीय रागांवर आधारलेला सिंफनी वाद्यवृंद मुंबईत सादर केला. त्या शाळा मावळल्या तशी ती परंपरा आटली. 2009 पासून पणजीत ‘चाइल्ड्स प्ले इंडिया’ ही संस्था गरीब घरांतल्या मुलांना पुन्हा व्हायोलिन-चेलो शिकवते आहे. व्हेनेझुएलात होझे अंतोनियो आब्रेउ यांनी 1975 मध्ये सुरू केलेल्या ‘एल सिस्तेमा’चे उदाहरण जगभर देतात, ते याच जातीचे काम. गोव्याच्या शाळेला एक सोय होती जी आपल्या लेझमीला कधीच मिळाली नाही: दर आठवड्याला वाजवण्याचा ठरलेला प्रसंग. आपल्याकडे वर्षातून दोनदा पाहुणे येतात.

म्हणून लोणावळा-मावळापुरते काही व्यवहाराचे. पुण्याची पथके आषाढ-श्रावणात सराव करतात, कारण त्यांचे लक्ष्य गणपती. लोणावळ्यात ते वेळापत्रक चालणार नाही. इथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. मैदान सप्टेंबरपर्यंत चिखलात असते, धुक्यात समोरची रांग दिसत नाही. चामड्याचे पान त्या हवेत सैल पडते, शेकल्याशिवाय बोलत नाही, आणि दोरी कितीही ताणली तरी तासाभरात उतरते. प्लॅस्टिकचे पान आले ते अशा हवेत सोयीचे म्हणून. त्याचा आवाज कर्कश आहे हे खरे, पण भिजत नाही. लेझमीच्या चकत्यांना तर एका पावसात गंज चढतो, आणि गंजलेली लेझीम वाजत नाही, खरखरते. पावसाळ्यापूर्वी पुसून, तेलाचा हात फिरवून, कोरड्या कपाटात टांगून ठेवणे हे या भागात कुठल्याही ठेक्याइतकेच महत्त्वाचे. वाद्यांच्या निगेचे प्रकरण म्हणूनच पुस्तकाच्या शेवटी न टाकता आधी घेतले आहे. पावसाळ्याचे महिने वर्गात बसून टाळ्यांवर आणि बाकावर ठेके पक्के करण्याचे. मैदान दिवाळीनंतर, आणि तिथून भात खळ्यात आल्यापासून जत्रेपर्यंतचा काळ हाताशी आहे, म्हणजे गावाचे जुने वेळापत्रकच.

शिक्षक कुठून आणायचा, हा खरा पेच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कला आणि शारीरिक शिक्षणाचे अंशकालीन निदेशक आहेत, पण शंभराहून अधिक पट असेल तरच. नाणे मावळात किंवा पवनेच्या वरच्या अंगाला वाडीवरच्या शाळेचा पट त्याच्या आसपासही जात नाही. तिथे दोन शिक्षक असतात आणि तेच सगळे शिकवतात. अशा शाळांनी एकेकट्याने पथक उभारण्याच्या भानगडीत पडू नये. महिन्यातून दोन शनिवारी केंद्रशाळेच्या मैदानावर चार-पाच वाड्यांची मुले एकत्र येऊ शकतात. ढोल केंद्रशाळेत राहतील, लेझिमा ज्याच्या त्याच्या शाळेत. शिकवायला गावातला ढोल वाजवणारा बोलवावा, त्याला मानधन द्यावे, आणि रजिस्टरमध्ये त्याचे नाव ‘पालक’ किंवा ‘ग्रामस्थ’ म्हणून न लिहिता ‘संगीत शिक्षक’ म्हणून लिहावे. मोठ्या मुलांकडे पहिल्याच वर्षापासून लहानांची एकेक रांग सोपवावी, म्हणजे सरांची बदली झाली तरी ‘चार आवाज’ शिकवणारे कुणी तरी आठवीत बसलेले असेल. बदल्यांचा हंगाम मे महिन्यात असतो; लेझिमा कोणत्या कपाटात आहेत आणि किल्ली कुणाकडे, हे त्याआधी लिहून ठेवावे.